ओळख दाखवायची नाही

सत्कार या शब्दाचा मला राग आहे. कुणी शाल हातात घेऊन माझ्याकडे यायला लागलं की माझं डोकं तडकतं. लोकांना वाटतं, बाई फार साधी आहे, मानपान आवडत नाही. तसं काही नाही. चार चांगले शब्द ऐकायला मलाही आवडतात. पण एका शाळेच्या पटांगणावर एका नारळानं काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे, इतक्या जवळून की तो नारळ माझ्याच हातात होता.

मी जळगावात पोलीस हवालदार आहे, माहेर धुळ्याचं. त्या वर्षी माझी नेमणूक मुलींसाठीच्या पथकात होती. शाळांमध्ये जायचं, मुलींशी बोलायचं, शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून टवाळ पोरांना हाकलायचं, असं ते काम. मुलींनी आम्हाला 'पोलीस दीदी' म्हणायचं असं वरून ठरलं होतं. दीदी म्हणा की माई म्हणा, खाकी घालून वर्गात शिरलं की सगळा वर्ग असा ताठ बसतो, जणू प्रत्येकीच्या दप्तरात चोरीचा माल आहे. "कुणाला काही त्रास आहे का?" असं विचारलं की सगळ्या माना खाली.

म्हणून मी भाषण लवकर आटपायला शिकले. खरं बोलणं भाषणानंतर व्हायचं, शाळेच्या नळावर. मी तिथं हात धुवायला जायची आणि सावकाश धुवायची. ज्या मुलीला काही सांगायचं असेल तिला नेमकी तेव्हाच तहान लागते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही, पण त्या पथकात मी जे काही काम केलं त्यातलं निम्मं नळावर झालं.

ही शाळा असोद्याच्या पलीकडे, केळीच्या बागांमधल्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं तर ती मुलगी कोण हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळेल, आणि या सगळ्या गोष्टीचा मुद्दाच तो आहे.

मुलगी दहावीत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. भरलेली पाण्याची बाटली तिनं नळाखाली रिकामी केली आणि पुन्हा भरायला लावली. माझ्याकडे न बघता ती बोलू लागली. ती शेजारच्या लहान गावातून एस्टीनं शाळेला यायची. संध्याकाळी फाट्यावर उतरून तिथून घरापर्यंत बागांमधून पायी जावं लागायचं.

"तठी दोन गाड्यायवर पोरं उभे राह्यता," ती म्हणाली. "गाडी आडवी लावता. ओढनी ओढता. परवा एकानं..."

पुढचं तिनं तोंडानं सांगितलं नाही, हातानं दाखवलं.

"घरी सांगितलंस?"

"नही. आमच्या आबायले कयलं त ते जेवनार नही." मग जरा थांबून म्हणाली, "आन् माही शाया बंद होईन. माह्यं नाव घेऊ नका, दीदी. कोनाजोयच घेऊ नका."

आबा म्हणजे तिचे आजोबा. आधी आजोबांचं जेवण आणि मग स्वतःची शाळा, या क्रमानं तिनं ते सांगितलं. तो क्रम मी विसरले नाही, आणि पुढे तोच कामाला आला.

मी नाव घेतलं नाही. साधा पंजाबी ड्रेस घातला, तोंडाला स्कार्फ बांधला आणि त्याच एस्टीनं फाट्यावर उतरून त्या गावच्या मुलींच्या मागे चालू लागले. माझा सहकारी मागून मोटारसायकलवर होताच. पोरांनी गाड्या आडव्या घातल्या, ओढणीला हात घातला, आणि मी त्यांच्या मानगुटीला. ठाण्यात आणल्यावर सगळे हात जोडून रडत होते. मिसरूड फुटायच्या आधी ज्यांना मस्ती फुटते त्या जातीची ती पोरं. आईबाप आले. मुलींपैकी कुणाला जबाब द्यायचा नव्हता, म्हणून साहेबांनी दम भरून, लिहून घेऊन त्यांना सोडलं. एका बापानं मला विचारलंच, "तक्रार कुनी केली मॅडम?"

"कुणी नाही. मी स्वतः तिथं होते, मी स्वतः पाहिलं," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

फाट्यावरचा रस्ता मोकळा झाला. मला वाटलं, चला, एक काम धड झालं.

आता शाळेच्या हेडसरांबद्दल सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. मुलींसाठी वेगळे संडास व्हावेत म्हणून त्यांनी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि ते बांधून होईपर्यंत स्वतः विटांवर पाणी मारलं होतं. पण त्यांना सत्काराचा नाद. शाळेच्या कपाटात शालींचा गठ्ठा कायम तयार. कुणाची बदली झाली की सत्कार, बदली रद्द झाली तरी सत्कार. त्यांचा फोन आला, "मॅडम, कोणत्या विद्यार्थिनीनं हिंमत दाखवली? नाव कळू द्या." मी म्हटलं, नाव नाही सर. ते हसले आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला यायचं आमंत्रण दिलं.

मी गेले. झेंडा झाला, कवायत झाली, लहान मुलांची गाणी झाली. पुढच्या खुर्च्यांवर गावोगावची वडीलधारी मंडळी बसली होती. त्यात मुलीचे आबाही होते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. शाळा बांधली तेव्हा विटा वाहायला त्यांनी आपल्या बैलगाड्या फुकट दिल्या होत्या, म्हणून दर झेंड्याला त्यांची खुर्ची पुढे. हे मला माझ्या शेजारी बसलेल्या एका शिक्षकानं कौतुकानं सांगितलं.

मग हेडसरांनी माइक घेतला. "आणि आता आपल्या शाळेची रणरागिणी," असं म्हणून त्यांनी मुलीचं पूर्ण नाव घेतलं.

नाव ऐकताच आबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांत आधी त्यांनीच. चेहरा नुसता फुलून आला होता. मग हेडसरांचं वाक्य पुढे गेलं. रस्त्यात छेड काढणारे गुंड, पोलिसांना दिलेली माहिती, न घाबरता, वगैरे. आबांचे हात एकमेकांपासून जरा लांब तसेच थांबले. बाकी पटांगण टाळ्या वाजवत होतं.

मुलगी रांगेतून उठली ती शिक्षेला बोलावल्यासारखी. कुणीतरी माझ्या हातात शाल आणि नारळ कोंबला. समोर मोबाइल वर झाले. मी वाकून तिच्या खांद्यावर शाल घातली आणि कानाशी म्हटलं, "मी नाही गं सांगितलं."

"माहीत हाये," ती म्हणाली. "वर्गाच्या बाईले मीच सांगलं. खुशीत सांगलं."

बाईंनी कौतुकानं ते स्टाफरूममध्ये सांगितलं आणि तिथून ते कपाटातल्या शालीपर्यंत पोचलं. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. मी आजवर गुन्हेगारांवर चिडले असेन त्याहून जास्त त्या दिवशी या निष्पाप माणसांवर चिडले. खाली पाहिलं तर आबांची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. थोड्या दिवसांनी वर्गाच्या बाईंचा फोन आला, त्या रडत होत्या. घरच्यांनी दप्तर बांधून ठेवलं होतं. बऱ्हाणपूरकडचे पाहुणे तिला बघायला येणार, अशी गावात चर्चा होती. दहावीची परीक्षा जेमतेम महिन्यावर आली होती. वर्गात ती हुशार होती. पण हुशार नसती तरी काय? परीक्षा तिची होती, ती तिनं द्यायला हवी होती.

आमच्या साहेबांनी सरळ उपाय सांगितला. गाडी न्या, बापाला आणि आजोबाला समज द्या, अल्पवयीन मुलीचं लग्न लावलं तर आत टाकू म्हणावं. कायद्यानं बरोबरच होतं ते. मी त्या संध्याकाळी धुळ्याला आईला फोन केला. आई शाळा शिकलेली नाही, आणि माझ्याशी अहिराणीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलत नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "दारशी पोलीसनी गाडी उनी का लोके पहिले हाईच इचारतस, कोनाकरता उनी? एकदाव पोलीस उनात तं आंडेरनी शाळा गयी. आते गाडी लई जाशी तं आंडेर घरबाहेर निंघाव नही. गाडी लई जाऊ नको."

आंडेर म्हणजे लेक. आईचं खरंच होतं. गाडी नेली असती तर कदाचित लग्न थांबलं असतं, पण पोरगी परीक्षेला बाहेर पडली नसती. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्या घराची आमच्याबाबत गत झाली होती. इतकी वर्षं जी खाकी मी कौतुकानं इस्त्री करून घातली, ती या एका दारात मला आत जाऊ देणार नव्हती. मला फार लागलं ते.

त्या वर्षी रथसप्तमी उशिरा होती. संक्रांतीची हळदीकुंकवं अजून चालू होती. मुलीच्या गावातल्या अंगणवाडीच्या ताई माझ्या ओळखीच्या. त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे असं कळल्यावर मी सुट्टी टाकली, हिरवी साडी नेसले आणि एस्टीनं गेले. आमच्याकडे रीत आहे, बाहेरगावची सवाष्ण एका घरी कुंकवाला आली की बाकीच्या बायका तिला सोडत नाहीत. आमच्याकडे बी चला, आमच्याकडे बी चला, करत घरोघर ओढतात. आणि कुंकवाला आलेल्या बाईला दारातून परत पाठवायची कुणाची छाती नाही.

मुलीची आई तिथं आली होती. मी कोण ते तिला पहिल्या नजरेत कळलं. तिनं मान फिरवली. मी तीन-चार घरं फिरले, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि जीव सगळा त्या बाईकडे. शेवटी सगळ्या पांगायला लागल्या तेव्हा ती जवळ आली आणि पदर सारखा करत हळूच म्हणाली, "आमच्या घरी बी चाला, ताई."

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला खालीवर पाहिलं.

"तुमी त्याच ना? नारय देनाऱ्या?"

"हो, आबा."

"खाकी काढून आल्या म्हनून आमी वयखनार नही, आसं वाटलं का?"

"नाही. खाकी घालून आले असते तर तुम्ही दार लावलं असतं."

सुनेनं चटई टाकली, मी बसले. आतल्या दारात मुलगी सुपात गहू पाखडत होती. वेण्या होत्या, रिबिनी नव्हत्या.

"गुन्हा त्या पोरायनं केला," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्यायले तुमी गुपचूप घरी पाठोलं. आन् साऱ्या गावापुढे उभी कोनाले केली? आमच्या पोरीले. हा कोनता न्याय, बाई?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी खाली मान घालून बसले, वर्गातल्या मुली बसतात तशी.

"मी त टाया वाजोत व्हतो," ते म्हणाले. "मले वाटलं, पोरीचा नंबर आला."

मी घरून निघताना त्यांना ऐकवायला बरंच काही ठरवून आले होते. वय, कायदा, शिक्षा. त्यातलं काही बोलवेना. मग मी जे खरं होतं तेच सांगितलं.

"आबा, तुमच्या नातीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. माझं नाव घेऊ नका. का, म्हणून विचारा तिला. म्हणाली, आबांना कळलं तर ते जेवणार नाहीत. शाळेचं नंतर बोलली ती. आधी तुमच्या जेवणाचं बोलली. तुमची अब्रू तिनं सांभाळली होती. ती घालवली आम्ही हारनारळवाल्यांनी."

आबांनी आत बघून विचारलं, "आसं म्हनली व्हती तू?"

सूप थांबलं. "हो."

"आन् नहीच जेवले ना तुमी," मुलीची आई म्हणाली. सासऱ्यापुढे ती पहिल्यांदाच बोलली असावी, कारण बोलून झाल्यावर तिनं स्वतःच घाबरून पदर पुढे ओढला.

आईनं ताट आणलं, मला हळदकुंकू लावलं. लावताना थोडं कुंकू माझ्या नाकावर सांडलं. नाकावर कुंकू सांडलं की शुभ, असं म्हणतात. मी पुसलं नाही.

"परीक्षेले बसेन ती," आबा म्हणाले. "मी सोता नेईन, सोता आनीन. पन तुमी तिले वयख दाखवायची नही. गावात नही, शायेत नही, रस्त्यात नही. पोलिसवाली बाई हिले वयखते, हे पुन्हा कोनाच्या तोंडून आयकू आलं, त मी तिले तठूनच परत आनीन."

"कबूल," मी म्हटलं. "आणि पाहुणे?"

"परीक्षा होऊ द्या बाई. एका टायमाले एकच वावर निंदू द्या."

"अठराच्या आत मात्र मी होऊ देणार नाही, आबा. हे साडीत सांगतेय, पण सांगून ठेवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तेवढी पोलीस शिल्लक हाये अजून," ते म्हणाले. हसले नाहीत, पण सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

परीक्षा आली. कॉपी होऊ नये म्हणून केंद्रांवर आमचा बंदोबस्त असतो. मुलींची झडती घ्यायला दोन शिक्षिका आणि एक महिला पोलीस. नेमकं तिच्याच केंद्राचं काम मला आलं, आणि मी ते बदलून मागितलं नाही. मागायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. मला तिला आत जाताना बघायचं होतं.

मराठीचा पेपर. सकाळपासून फाटकाशी गर्दी. भिंतीबाहेर मामे, काके, दोस्त, सगळे तयारीत उभे. मी झडती घेत होते आणि डोळे रस्त्यावर होते. तिच्या वर्गातल्या मुली आल्या, गेल्या. पहिली घंटा झाली. गर्दी विरळ झाली. हेडसरही आपल्या मुलांना शुभेच्छा द्यायला आले होते, गुलाबाची फुलं वाटत फिरत होते.

मग रस्त्याच्या त्या बाजूला कडुलिंबाखाली एक मोटारसायकल थांबली. आबांनी इंजिन बंद केलं नाही. मुलगी उतरली, हॉल तिकीट छातीशी धरून रस्ता ओलांडून आली. रिबिनी लाल होत्या.

"खिसे दाखव," मी म्हटलं. रोजच्या आवाजात, जरा जास्तच कोरडं. तिनं खिसे उलटे केले. कंपास उघडला. मी तिच्या बाहीवरून हात फिरवला तेव्हा तिचं अंग गार लागलं. तिनं वर पाहिलं नाही. मीही तिच्या हॉल तिकिटाकडेच बघत होते, आणि फोटोतली मुलगी मला नीट दिसत नव्हती, कारण माझे डोळे भरले होते.

तेवढ्यात मागून हेडसरांचा आवाज आला. "अरे वा, वा! आमची रणरागिणी आणि मॅडम एकत्र! थांबा, थांबा, एक फोटो होऊन जाऊ द्या." हातातली फुलं काखेत मारून त्यांनी मोबाइल वर केला. आजूबाजूचे सगळे आमच्याकडे वळले.

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. आबा इकडेच बघत होते. गाडी सुरूच होती. त्यांनी एक पाय खाली टेकवून गाडीचं तोंड वळवायला घेतलं.

"कोण मुलगी?" मी म्हटलं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी हिला ओळखत नाही. केंद्रावर फोटो काढायचा नाही. मोबाइल आत ठेवा, सर."

हेडसरांचं तोंड उघडंच राहिलं. "अहो मॅडम, ही तीच की. सव्वीस जानेवारीला तुम्हीच नाही का..." ते मुलीकडे वळले. "काय गं, या मॅडमना ओळखतेस ना तू?"

मुलीनं मान वर केली. नळावर भेटली तेव्हापासून तिनं माझ्याकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. शांतपणे, अगदी माझ्या डोळ्यांत.

"नही, सर," ती म्हणाली. "मी यायले वयखत नही."

"चल, आत हो," मी म्हटलं. ती गेली. पायऱ्या चढून, बोर्डावर आपला नंबर शोधून, व्हरांड्यातून वळून दिसेनाशी झाली. मागे वळून पाहिलं नाही तिनं. दुसरी घंटा झाली आणि शिपायानं फाटक लावलं.

रस्त्यापलीकडे आबांनी मोटारसायकल बंद केली. लिंबाच्या बुंध्याला टेकून ते बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. पेपर सुटेपर्यंत ते तिथंच होते आणि मी फाटकाशी होते, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.